प्रारंभिक हँडहेल्ड व्हिडिओ गेममधील संगीत आणि पाश्चात्त्य अभिजात परंपरा : एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, गेम बॉय, टेट्रिस, बाख, ऑफेनबाख, हिरोकाझू तानाका, स्वामित्वहक्क

प्रस्तावना

जून १९८९ मध्ये जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी ‘टेट्रिस’ हा खेळ बाजारात आणला. खेळ सुरू करण्यापूर्वी खेळाडूस संगीताची निवड करावी लागे. पडद्यावर ए, बी आणि सी असे तीन प्रकार व संगीत बंद ठेवण्याचा चौथा पर्याय, एवढेच लिहिलेले असे. यांपैकी ‘सी’ प्रकार निवडला असता जी धून वाजते, ती योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या बी मायनरमधील तिसऱ्या फ्रेंच स्वीटमधील मिन्युएट होय. बाखच्या कृतींच्या सूचीत या स्वीटचा क्रमांक ८१४ आहे. तथापि पडद्यावर ना बाखचे नाव दिसते, ना रचनेचे.

गेम बॉयवरील टेट्रिसच्या सुमारे ३ कोटी ५० लाख प्रती विकल्या गेल्या. ज्यांनी कधी हार्पसिकॉर्ड पाहिले नाही, संगीतसभेचे तिकीट काढले नाही, अशा असंख्य मुलामाणसांच्या कानांवर अठराव्या शतकातील एक नृत्यरचना या मार्गाने पडली. ही घटना संगीताच्या इतिहासात तळटीप म्हणून सोडून द्यावी की तिचे स्वतंत्र विवेचन करावे, हा प्रश्न आहे. सामान्यतः तिचे स्पष्टीकरण एका वाक्यात दिले जाते : जुने संगीत फुकट मिळते, म्हणून ते वापरले. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. आणि ज्या ठिकाणी ते अपुरे पडते, नेमक्या त्याच ठिकाणी या विषयातील महत्त्वाचा भाग दडलेला आहे. यंत्राची रचना आणि विशिष्ट प्रकारच्या अभिजात संगीताची रचना यांत एक आंतरिक साम्य होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठीत ‘अभिजात संगीत’ म्हटले की रागसंगीत डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत विवेचनात ही संज्ञा युरोपातील साधारणतः सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील लिखित संगीतपरंपरेसाठी वापरली आहे.

बझरपासून चार चॅनलपर्यंत

हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळांचा आरंभ १९७० च्या दशकात झाला. मॅटेल कंपनीचा ‘ऑटो रेस’ १९७६ मधील, तर काडतुसे बदलता येणारे मिल्टन ब्रॅडली कंपनीचे ‘मायक्रोव्हिजन’ हे यंत्र १९७९ मधील. २८ एप्रिल १९८० रोजी निन्टेन्डोने ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील ‘बॉल’ हा पहिला खेळ विक्रीस आणला. गणकयंत्रातील स्वस्त द्रवस्फटिक पडदा खेळासाठी वापरण्याची कल्पना गुनपेई योकोई यांची. नव्या महागड्या तंत्रामागे न धावता जुने, मुरलेले व स्वस्त तंत्र वेगळ्या कामासाठी वापरावे, हे त्यांचे सूत्र होते. या यंत्रांत ध्वनीसाठी एक लहानसा बझर असे. त्यातून टिकटिक आणि पीं-पीं असे सूचक आवाज निघत. चेंडू झेलला की एक आवाज, निसटला की दुसरा. त्यास संगीत म्हणणे धाडसाचे ठरेल.

घरगुती संगणक व आर्केड यंत्रे यांवर मात्र याच काळात अभिजात धुनी ऐकू येऊ लागल्या होत्या. कोनामी कंपनीच्या ‘जायरस’ (१९८३) या आर्केड खेळात बाखच्या नावावर असलेल्या डी मायनर टोकाटा अँड फ्यूग या ऑर्गनरचनेचे नवे रूप वाजे. ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकावरील ‘मॅनिक मायनर’ (१९८३) या खेळाच्या आरंभी योहान श्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ होता, तर ‘जेट सेट विली’ (१९८४) मध्ये बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा आरंभ. स्पेक्ट्रमचा ध्वनिवर्धक मूळ स्थितीत एका वेळी एकच स्वर देऊ शके. मूनलाइट सोनाटाच्या पहिल्या भागात स्वरसमूह एकदम न वाजता तीन-तीन सुट्या स्वरांत उलगडत जातात. त्यामुळे एकच स्वर देणाऱ्या यंत्रावरही तो ओळखू येतो. अभिजात रचनांची निवड केवळ प्रसिद्धीवर अवलंबून नव्हती, याची ही पहिली खूण.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय विक्रीस आला. योकोई यांच्या विभागात तयार झालेल्या या यंत्रात ध्वनीसाठी चार चॅनल होते. पहिले दोन चौकोनी लहरींचे. लहर एका आवर्तनात किती काळ ‘वर’ राहते याचे चार पर्याय त्यांत होते (१२.५, २५, ५० व ७५ टक्के) आणि त्यानुसार आवाज नाकातला, पातळ किंवा भरीव होई. तिसऱ्या चॅनलमध्ये ३२ लहान टप्प्यांची लहर रचनाकारास स्वतः आखता येत असे. प्रत्येक टप्प्यास १६ पैकी एक उंची देता येई. चौथा चॅनल खरखरीचा. ढोल, झांज किंवा स्फोट यांचा भास निर्माण करण्यासाठी तो उपयोगी पडे. पहिल्या दोन चॅनलांची खालची मर्यादा ६४ हर्ट्झ होती, तिसरा चॅनल त्याहून एक सप्तक खाली, ३२ हर्ट्झपर्यंत जाई. म्हणजे सुरेल स्वर एका वेळी जास्तीत जास्त तीन. यंत्राचा स्वतःचा ध्वनिवर्धक एकच होता, परंतु इअरफोन लावल्यास डावा-उजवा असा स्टिरिओ ध्वनी मिळे. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रात याहून अधिक काही बसवणे त्या काळी परवडणारे नव्हते.

या मर्यादेचा आणखी एक पैलू होता. खेळातील आवाज, उदा. ठोकळा फिरणे, ओळ पूर्ण होणे, शत्रू मरणे, हे याच चार चॅनलांतून काढावे लागत. एखादा आवाज वाजला की तेवढ्या क्षणापुरती संगीतातील एक धारा गप्प होई. त्यामुळे एक धारा निघून गेली तरी जिचा सांगाडा टिकेल, अशी रचना या यंत्रास सोयीची होती.

जपानमधील पूर्वपीठिका

क्योतो येथील एका कंपनीतील मंडळींना बाख किंवा ऑफेनबाख इतके सहज का सुचले, याचे उत्तर जपानच्या शैक्षणिक इतिहासात शोधावे लागते. मेइजी काळात, १८७९ मध्ये, जपानी शासनाने संगीतशिक्षणाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. इसावा शूजी हे त्याचे प्रमुख होते. त्यांच्या निमंत्रणावरून ल्यूथर व्हाइटिंग मेसन हे अमेरिकन संगीतशिक्षक १८८० मध्ये तोक्योत आले. १८८१ पासून प्रसिद्ध झालेल्या शालेय गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींवर जपानी शब्द बसवलेली अनेक गीते होती. स्कॉटलंडमधील एका प्रसिद्ध लोकगीताच्या चालीवरील ‘होतारु नो हिकारी’ हे गीत पुढे जपानी शाळांतील निरोप समारंभाचे गीतच बनले. या कार्यालयातूनच १८८७ मध्ये तोक्यो संगीत विद्यालय उभे राहिले.

या धोरणाचा परिणाम दूरगामी झाला. पाश्चात्त्य स्वरलेखन, मेजर-मायनर पद्धती आणि युरोपीय रचनाकारांची नावे ही जपानी विद्यार्थ्याच्या दृष्टीने परकी न राहता शाळेच्या बाकावर शिकण्याची गोष्ट झाली. बीथोव्हनची नववी सिम्फनी दरवर्षी डिसेंबरमध्ये गावोगावी सादर करण्याची जपानमधील प्रथा याच मुशीत घडली. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात कोइची सुगियामा (१९३१–२०२१) यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) या घरगुती यंत्रावरील खेळासाठी युरोपीय वाद्यवृंदाच्या वळणाचे संगीत रचले आणि ते पुढे प्रत्यक्ष वाद्यवृंदाकडून वाजवलेही गेले. तेव्हा १९८९ मध्ये जपानी खेळात बाख ऐकू येणे ही पश्चिमेची उसनवारी म्हणून पाहणे इतिहासास धरून होणार नाही. तोपर्यंत त्या देशात या परंपरेचे वय ११० वर्षांचे झाले होते.

मात्र येथे एक गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. गेम बॉयवरील टेट्रिसचे संगीत हिरोकाझू तानाका यांनी सिद्ध केले. १९५७ मध्ये जन्मलेले तानाका हे संगीत विद्यालयातून आलेले नव्हते. त्यांचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीचे. १९८० मध्ये ते निन्टेन्डोत रुजू झाले आणि ध्वनियंत्रणेच्या तांत्रिक रचनेतही त्यांचा सहभाग होता. ‘मेट्रॉइड’ (१९८६) या खेळासाठी त्यांनी केलेले संगीत सुरेलपणापेक्षा निर्जन, अस्वस्थ वातावरणावर भर देणारे होते. त्यांची स्वतःची ओढ रेगे व डब या जमैकन संगीतप्रकारांकडे होती. अभिजात संगीताचे संस्कार असलेल्या रचनाकाराने आपल्या आवडीचा बाख खेळात आणला, असे सोपे चित्र त्यामुळे रेखाटता येत नाही. ज्याला यंत्राच्या आतल्या तारा ठाऊक होत्या अशा अभियंत्याने बाख निवडला, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे.

‘फुकटचे संगीत’ हे स्पष्टीकरण

जपानच्या १९७० च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर हक्क राहत असे (ही मुदत २०१८ च्या अखेरीस ७० वर्षांची झाली). बाख, ऑफेनबाख, चायकोव्हस्की हे सर्व १९८९ पर्यंत मुक्त झालेले होते. त्यांच्या वापरासाठी कोणास मानधन द्यावयाचे नव्हते, परवानगी घ्यावयाची नव्हती. लाखो प्रती खपवणाऱ्या उद्योगाच्या दृष्टीने ही सोय दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तथापि तानाका हे कंपनीचे पगारी नोकर होते. नवी धून रचण्यासही कंपनीस वेगळा खर्च येत नव्हता. किंबहुना टेट्रिसमधील ‘बी’ प्रकाराची धून तानाका यांची स्वतःचीच आहे. खर्च हेच कारण असते तर तिन्ही धुनी नव्या करता आल्या असत्या, किंवा तिन्ही जुन्या घेता आल्या असत्या. प्रत्यक्षात झाले ते मिश्र स्वरूपाचे.

दुसरे स्पष्टीकरण रशियाचे दिले जाते. टेट्रिस हा खेळ मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास तयार केला. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेंक रॉजर्स यांनी मॉस्कोस जाऊन ‘एलोर्ग’ या सोव्हिएत संस्थेकडून हँडहेल्डचे हक्क मिळवले. पाश्चात्त्य बाजारात हा खेळ मुद्दाम रशियन वेषात विकला गेला. गेम बॉयवरील आवृत्तीच्या मुखपडद्यावरही घुमट आहेत, ते मॉस्कोतील सेंट बेसिल चर्चचे. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरील टेट्रिसमध्ये (१९८९) चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ (१८९२) या बॅलेतील शुगर प्लम परीचे नृत्य आहे. गेम बॉयवर ‘ए’ प्रकारात वाजणारी ‘कोरोबेयनिकी’ ही धून अभिजात नव्हे, रशियन लोकगीताची आहे. ते गीत निकोलाय नेक्रासोव्ह याच्या १८६१ मधील काव्यावरून आलेले. म्हणजे येथे संगीत हे देशाची खूण पटवणारे चिन्ह म्हणून वापरले गेले, घुमटांसारखेच.

बाख मात्र या चौकटीत बसत नाही. तो जर्मन होता, रशियाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्यातही एक बारकावा आहे. जपानमधील पहिल्या आवृत्तीत ‘ए’ प्रकारात ‘कोरोबेयनिकी’ नव्हतीच. तेथे मिन्युएटच्याच वळणाची एक वेगळी धून होती, आणि पुढील आवृत्तीत ती काढून रशियन धून घालण्यात आली. म्हणजे रशियन संगीत हे नंतर आले, मिन्युएट आधीपासून होते. रचनाकाराच्या डोक्यात प्रथम ज्या संगीताचा आकृतिबंध होता तो अठराव्या शतकातील दरबारी नृत्याचा, असे यावरून अनुमान काढता येते.

दोन हातांचे संगीत

फ्रेंच स्वीट्स बाखने १७२२ ते १७२५ या सुमारास लिहिल्या. कोथेनच्या दरबारातील नोकरीची अखेरची आणि लाइपझिगमधील आरंभीची ही वर्षे. त्यांतील पहिल्या पाचांची आरंभीची रूपे त्याने आपली दुसरी पत्नी ॲना मॅग्डालेना हिला दिलेल्या १७२२ च्या वहीत आढळतात. ‘फ्रेंच’ हे नाव त्याने दिलेले नाही, ते मागाहून चिकटले. घरात बसून वाजवण्यासाठी आणि शिकण्यासाठी लिहिलेले हे संगीत होते. चर्चमधील ऑर्गनचा गडगडाट किंवा राजदरबारातील वाद्यमेळ त्यात अपेक्षित नाही.

तिसऱ्या स्वीटमधील मिन्युएट प्रामुख्याने दोन धारांचे आहे. उजव्या हातात एक धावती ओळ, डाव्या हातात दुसरी. दोन्ही स्वतंत्रपणे चालतात, पण एकमेकींवाचून अर्थपूर्ण होत नाहीत. काउंटरपॉइंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत स्वरसंवाद हा एकदम दाबलेल्या चार-पाच पट्ट्यांतून निर्माण होत नाही. दोन ओळी एकमेकींस जिथे भेटतात आणि दुरावतात, तिथे तो जन्मास येतो. ज्या यंत्रात तीनच सुरेल आवाज आहेत, त्यास हे संगीत कात्री न लावता सामावून घेता येते. एवढेच नव्हे, तर एक चॅनल खेळातील आवाजांसाठी मोकळा ठेवण्याचीही मुभा राहते. याउलट चायकोव्हस्कीच्या वाद्यवृंदातील एखादे पान घेतले, तर दहा-बारा वाद्यांतून वरची चाल आणि खालचा आधार एवढेच उरते. मधला सगळा रंग गळून पडतो.

साम्य येथेच थांबत नाही. हार्पसिकॉर्डवर पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने, आवाज तेवढाच येतो. तार छेडली जाते आणि स्वर लगेच विरू लागतो. गेम बॉयच्या पहिल्या दोन चॅनलांतही स्वर ठरावीक जोराने सुरू करून क्रमाक्रमाने विरवण्याची सोय अंगभूत होती, आणि २५ किंवा १२.५ टक्क्यांच्या लहरीचा आवाज छेडलेल्या तारेच्या जवळ जाणारा, किंचित नाकातला असतो. शोपँ किंवा शूमान यांच्या पियानोरचनेत बोटाच्या दाबातील सूक्ष्म फरक हाच जीव असतो. गेम बॉयवर तो साधणे कठीण. बाखची ही कृती त्या फरकावर उभी नाही. ती कोणत्या वाद्यावर वाजवावी याविषयीही त्या काळी फारसा आग्रह नसे. हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड, जे पट्टीवाद्य हाताशी असेल ते चाले. पुढील शतकांत तीच रचना पियानोवर गेली. १९८९ मध्ये ती सिलिकॉनच्या चिपवर गेली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी गोष्ट आकृतीची. बरोक नृत्यरचना सामान्यतः दोन खंडांची असते आणि प्रत्येक खंड दोनदा वाजतो. पहिला खंड मूळ स्वरापासून दूर जातो, दुसरा परत घरी येतो. ताल आरंभापासून अखेरपर्यंत बदलत नाही. टेट्रिसचे संपूर्ण काडतूस ३२ किलोबाइट्सचे होते. खेळ, चित्रे आणि संगीत हे सर्व त्यात बसवावयाचे. पुनरावृत्ती हा ज्या संगीताचा स्वभावच आहे, ते संगीत अशा ठिकाणी जागा वाचवते. शिवाय खेळाडू किती वेळ टिकेल हे आधी ठाऊक नसते. दोन मिनिटांत हरेल किंवा अर्धा तास खेळेल. संगीतास जेथे संपले तेथून, सांधा न दिसता, पुन्हा सुरू होता आले पाहिजे. मूळ स्वरावर येऊन थांबणारे आणि एकाच लयीत चालणारे मिन्युएट हे करू शकते. सोनाटाची नाट्यमय वाढ किंवा सिम्फनीचा कळस हे करू शकत नाही. कळस दर दीड मिनिटाने येऊ लागला तर तो हास्यास्पद होईल. नाचणाऱ्यांचे पाय थांबेपर्यंत वाजत राहणे हे दरबारी नृत्यसंगीताचे मूळ कार्य होते. बोटे थांबेपर्यंत वाजत राहणे हे खेळाच्या संगीताचे. फरक अवयवाचा आहे.

ऑफेनबाखची उसनी चाल

गेम बॉयबरोबर पहिल्याच दिवशी विक्रीस आलेल्या ‘सुपर मारिओ लँड’ या खेळाचे संगीतही तानाका यांचेच. त्याच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या खेळात मारिओला तारा मिळाला की काही सेकंद तो अजिंक्य होतो, आणि तेवढ्या वेळात जाक ऑफेनबाख (१८१९–१८८०) याच्या ‘ऑर्फ्यूस इन द अंडरवर्ल्ड’ (पॅरिस, १८५८) या संगीतिकेतील सुप्रसिद्ध गॅलॉप वाजते. कॅन-कॅन नृत्याची धून म्हणून ती जगभर ओळखली जाते.

येथील तर्क बाखच्या निवडीहून भिन्न आहे. ही धून काउंटरपॉइंटची नव्हे. वर एक धावती चाल, खाली ठोक्याचा आधार, इतका तिचा सरळ हिशेब आहे. परंतु नेमके काही सेकंदच वाजावयाचे असल्याने तिची पहिली चार-आठ मात्रांतच पटणारी ओळख मोलाची ठरते. खेळाडूस ‘आता धावत सुटा’ हे शब्दांवाचून कळले पाहिजे. मूळ संगीतिकेत ही धून देवदेवतांच्या पाताळातील धांगडधिंग्यासाठी आहे. तिच्यातील गंभीरपणाची टिंगल मारिओच्या उड्यांसही शोभून दिसते.

आणि ही उसनवारी पहिली नव्हती. ऑफेनबाखने याच संगीतिकेत ग्लूकच्या ‘ऑर्फेओ’मधील करुण गीताची धून विडंबनासाठी घेतली होती. पुढे कामीय सँ-सान्स याने ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’ (१८८६) मध्ये ऑफेनबाखचीच ही गॅलॉप अत्यंत संथ करून कासवांच्या तोंडी घातली. एकाची चाल दुसऱ्याने घेऊन तिचा अर्थ पालटणे ही या परंपरेतील मान्य रीत होती. कोनामीच्या ‘पॅरोडियस’ या खेळाची गेम बॉय आवृत्ती (१९९१) याच रीतीने चालते. स्वतःच्याच युद्धखेळांची टवाळी करणाऱ्या या खेळात अभिजात संगीतातील अनेक ओळखीच्या धुनी विनोदासाठी राबवल्या आहेत. अभिजात संगीताचा ‘पवित्र’पणा हा त्या विनोदाचा कच्चा माल आहे.

उद्धरण आणि वळण यांतील भेद

प्रभावाचा विचार करताना केवळ ओळखता येणाऱ्या धुनी मोजत बसल्यास निष्कर्ष दिशाभूल करणारे निघतील. सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ हे रंगीत पडद्याचे हँडहेल्ड यंत्र ऑक्टोबर १९९० मध्ये जपानमध्ये आले. त्याची ध्वनिचिप तीन चौकोनी लहरी आणि एक खरखर अशी, म्हणजे गेम बॉयहूनही साधी. त्यासोबत आलेला ‘कॉलम्स’ हा खेळ टेट्रिसला सेगाने दिलेले उत्तर होते. त्यातील धुनींची नावे ग्रीक पुराणातील तीन नियतिदेवतांची आहेत : क्लोथो, लॅकेसिस आणि ॲट्रोपॉस. या धुनी कोणत्याही जुन्या कृतीतून घेतलेल्या नाहीत, तरीही सुट्या स्वरांत उलगडणारे स्वरसमूह, मायनर छटा आणि अखंड चालणारी समलय यांमुळे ‘क्लोथो’ ऐकताच बरोक पट्टीवाद्याची आठवण होते. बाखचे एक मिन्युएट उतरवून घेण्यापेक्षा हा प्रभाव अधिक खोल म्हणावा लागेल, कारण येथे धून नाही, पद्धत घेतलेली आहे. तीन आवाजांत विचार करावयाचा झाल्यास त्यासाठी तयार असलेले सर्वांत समृद्ध व्याकरण बरोक काळाचे होते, आणि त्या व्याकरणाकडे हे रचनाकार वळले.

अर्थात सर्वच हँडहेल्ड संगीतास हे लागू पडत नाही. त्याच तानाकांच्या अनेक धुनींत नृत्यसंगीताचा व जमैकन ठेक्याचा अंश आहे, आणि दशकाच्या पुढील वर्षांत जॅझ, रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताकडे कल स्पष्टपणे वाढला. अभिजात संगीताचे हे पर्व अल्पकालीनच होते.

नावाचा प्रश्न

मराठी वाचकास या संदर्भात एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) किंवा ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या नाटकांतील पदेही प्रचलित चालींवर बांधलेली होती. परंतु छापील संहितेत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ या शब्दापुढे मूळ गीताचा निर्देश करण्याचा प्रघात होता. चाल उसनी आहे हे सांगण्यात नाटककारास कमीपणा वाटत नसे. उलट वाचकास पद गाता यावे यासाठी तो निर्देश आवश्यकच होता.

गेम बॉयवरील टेट्रिस सुरू केल्यावर प्रथम स्वामित्वहक्काचा पडदा येतो. त्यावर एलोर्ग, बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर आणि निन्टेन्डो या संस्थांची नावे आहेत, तसेच मूळ कल्पना, रचना व प्रोग्राम अलेक्सेई पाजितनोव्ह यांचा असल्याचा उल्लेख आहे. संगीताविषयी त्यावर एक शब्दही नाही. बाखचे नाव नाही, आणि त्याची रचना चिपवर उतरवणाऱ्या तानाका यांचेही नाव नाही. ज्याच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही त्याचा उल्लेख करण्याचे बंधनही उरलेले नसते. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ‘सी’ या एका अक्षरामागे दोन माणसे लुप्त झाली, एक अडीचशे वर्षांपूर्वीची आणि एक हयात.

‘ए’ प्रकाराच्या वाट्यास याहून विलक्षण गती आली. १९९२ मध्ये ‘डॉक्टर स्पिन’ या टोपणनावाने अँड्र्यू लॉइड वेबर व नायजेल राइट यांनी टेट्रिसच्या संगीतावर आधारित नृत्यगीत काढले आणि ते ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. रशियन फेरीवाल्यांचे गीत आता ‘टेट्रिसचे संगीत’ झाले होते. पुढे टेट्रिस कंपनीने खेळातील वापरासाठी या धुनीच्या एका रूपावर ध्वनिचिन्ह म्हणून नोंदणीकृत हक्कही मिळवला. जी चाल कोणाचीच नसल्यामुळे घेता आली, ती घेतल्यानंतर कोणाची तरी झाली.

तानाका यांचे नाव मागाहून, मुलाखती व संगीताच्या चाहत्यांच्या परिश्रमांतून, उजेडात आले. बाखचे मिन्युएट मात्र त्यानंतरच्या टेट्रिसच्या बहुतेक आवृत्त्यांतून गळाले, तर ‘कोरोबेयनिकी’ टिकून राहिली. जुने काडतूस आजही गेम बॉयमध्ये घातले, तर निवडीच्या पडद्यावर तीच तीन अक्षरे येतात, आणि तिसऱ्यावर बाण नेला की दोन ओळी, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची, एकमेकींमागून धावू लागतात.